मुंबई मॅरेथॉनच्या आधीचा आठवडा : घरात दोघंही धावणार असतील तर

एकटं कोणी मॅरेथॉन धावणार असेल तर घरात दुसरं माणूस मदतीला असतं. पहाटे चहा टाकायला, मुलांकडे बघायला, बॅग धरून उभं राहायला आणि "होईल सगळं नीट" म्हणायला. नवरा-बायको दोघंही धावणार असले की ही सगळी पदं रिकामी. दोघंही चिडचिडे, दोघांनाही रात्री नऊला झोपायचंय, आणि डबा कोणी भरायचा हा प्रश्न तसाच. पहिल्यांदा धावणाऱ्या जोडप्यांचा शेवटचा आठवडा बहुतेक वेळा इथेच फसतो. म्हणून या लेखात धावण्यापेक्षा घराबद्दलच जास्त लिहिलंय.

डोळ्यांसमोर मुंबई मॅरेथॉन ठेवली आहे, ४२.१९५ किलोमीटरची फुल. एकाची फुल आणि एकाची हाफ (म्हणजे अर्धी मॅरेथॉन) असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. गेल्या दोन-अडीच महिन्यांत ३० किलोमीटरच्या आसपासचा एक तरी लाँग रन तुम्ही केलाय असं धरून चाललोय. तो राहून गेला असेल तर या आठवड्यात पळून भरून काढायला जाऊ नका. या सात दिवसांत केलेल्या मेहनतीचं फळ पुढच्या रविवारपर्यंत पायांत उतरत नाही, थकवा मात्र नक्की उतरतो.

आधीचा रविवार : थोडा रन आणि एक बैठक

सकाळी १२-१४ किलोमीटर, बोलता येईल इतक्या सावकाश. शर्यतीत घालणार तेच बूट, तेच मोजे, तीच चड्डी आणि तोच टीशर्ट घालून. काही काचतंय का, जेलची (धावताना ताकदीसाठी चोखायच्या गोड गराची) पाकिटं खिशात बसतात का, कमरेचा पट्टा वर सरकतोय का, हे आजच कळायला हवं. अजून बदलायला वेळ आहे.

परत आल्यावर आंघोळ, नाश्ता आणि मग बैठक. विषय एकच : बरोबर धावायचं की आपापलं?

हा प्रश्न लोक रविवारच्या पहाटेपर्यंत लोंबकळत ठेवतात. "बघू तिथे गेल्यावर" म्हणतात. तिथे गेल्यावर काय होतं, तर ज्याचा वेग जास्त तो दर दोनशे मीटरला मागे वळून बघतो आणि जिचा वेग कमी ती आपल्यामुळे थांबावं लागतंय म्हणून झेपत नसताना जोर लावते. (काही घरांत उलटं असतं, तिथे ती वळून बघते.) पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत दोघांचाही रन बिघडलेला असतो आणि वर अबोला.

आकडे मांडून बघा. ६:३० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं या चालीने, ४२.१९५ किलोमीटरला ४ तास ३४ मिनिटं लागतात. ७:३० ने ५ तास १६ मिनिटं. किलोमीटरमागे एकच मिनिट, पण शेवटी फरक ४२ मिनिटांचा. तुमच्या लाँग रनच्या पेसमध्ये किलोमीटरला २०-२५ सेकंदांपर्यंतच फरक असेल तर बरोबर धावता येतं, पण हळू असणाऱ्याच्या पेसने, सुरुवातीपासून, आणि कुरकुर न करता. त्याहून जास्त फरक असेल तर आपापलं धावा. वेगवान माणसाने आपल्या नैसर्गिक चालीपेक्षा खूप हळू पाच तास धावणं हेही सोपं नसतं, पाय जास्त वेळ जमिनीवर राहतात आणि गुडघे-कंबर धरतात.

मधला एक मार्ग बऱ्याच जोडप्यांना मानवतो : पहिले दहा किलोमीटर बरोबर, मग ज्याची त्याची वाट. पहिल्या दहात जोशात वेगाने सुटायची खोड असते, तिला त्यामुळे आळा बसतो.

बरोबर धावायचं ठरलं तर पुढचा प्रश्नही आजच सोडवा. एकाच्या पायात गोळे आले, पोट बिघडलं, चालायची वेळ आली, तर दुसऱ्याने थांबायचं की पुढे जायचं? आजच स्पष्ट उत्तर ठरवा. आमच्या घरातला नियम असा आहे : दुखत असेल तर पुढे जा, चक्कर किंवा छातीत काही वाटत असेल तर थांब आणि स्वयंसेवकाला हाक मार. तुमचा वेगळा असेल, पण काहीतरी नियम असू द्या. पस्तिसाव्या किलोमीटरला डोकं नीट चालत नाही, तिथे नव्याने निर्णय घ्यायची पाळी येऊ नये.

एकाची फुल आणि एकाची हाफ असेल तर तुम्ही शहराच्या दोन टोकांनी निघणार हे लक्षात घ्या. फुल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते, हाफ गेली काही वर्षं माहीमच्या रेतीबंदरहून. संपतात दोन्ही सीएसएमटीच्या परिसरात. घरातून निघण्याच्या वेळा, लोकल, सामान सगळंच वेगळं. तेही आजच लिहून काढा.

सोमवार ते बुधवार : धावणं कमी, बाकीची कामं उरका

धावण्याचं थोडक्यात सांगतो. सोमवारी विश्रांती. मंगळवारी ६-८ किलोमीटर, त्यातले मधले ३ शर्यतीच्या पेसने. बुधवारी विश्रांती किंवा अर्धा तास चालणं. गुरुवारी ५ सावकाश. शुक्रवारी काही नाही. शनिवारी वाटलं तर वीस मिनिटं, नाही वाटलं तर नाही. आठवड्याचं अंतर एरवीच्या निम्म्याहूनही खाली येईल, यायलाच हवं. धावणारे याला टेपरिंग म्हणतात.

टेपरिंगचा खरा त्रास वेगळाच असतो. महिनोन्महिने रोज दमणारं शरीर अचानक रिकामं होतं आणि नाही ती दुखणी सुरू होतात. जिना उतरताना गुडघ्यात कट्‌ होतं. टाचेत काहीतरी टोचतं. घसा खवखवतोय की काय असं दर तासाला वाटतं. यातलं बहुतेक रविवारी बंदूक वाजली की गायब होतं. दोघंही याच अवस्थेत असले की संवाद साधारण असा :

"माझा उजवा घोटा दुखतोय गं."

"माझे दोन्ही दुखतायत."

"तुला नेहमी माझ्यापेक्षा जास्तच दुखतं."

यावर उपाय एकच, दुखण्याची चर्चा दिवसातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, पाच मिनिटं. चालताना लंगडायला लावणारं, एका बोटाने दाखवता येईल असं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असणारं दुखणं मात्र मनाचा खेळ समजू नका, फिजिओकडे जा. आणि ताप असेल, अंग मोडून आलं असेल, छातीत कफ भरला असेल तर धावायचं नाही. तापात जोरकस व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. नुसतं नाक वाहत असेल तर सहसा चालतं. एकाला ताप आला तर दुसऱ्याने "मीही नाही धावत मग" म्हणू नये. तापवाल्याला त्याने बरं वाटत नाही, उलट अपराधी वाटतं.

या तीन दिवसांत उरकायची बारीक कामं :

पायाची नखं मंगळवार-बुधवारी कापा, शनिवारी नको. खोल कापलं गेलं तर भरायला दोन दिवस हवेत. वॅक्सिंग किंवा दाढी-काखा वगैरे जे काही असेल तेही बुधवारच्या आत, कारण नुकत्याच सोललेल्या कातडीवर घामाचं मीठ आणि घर्षण बसलं की आंघोळीच्या वेळी ओरडायला होतं. जोरदार मसाज करून घ्यायचा असेल तर बुधवारपर्यंतच. त्यानंतर कोणालाही मांड्या-पोटऱ्या तुडवू देऊ नका.

पाळीचं बोलू, कारण धावण्यावरच्या लेखांत ते बहुधा वगळलं जातं. तारीख रविवारच्या आसपास येत असेल तर बायकांचा पहिला विचार पाळी पुढे ढकलायच्या गोळीचा असतो, सणासुदीला घेतात तशी. या आठवड्यात पहिल्यांदाच आणि डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नका. त्या गोळ्यांनी अंगात पाणी धरणं, मळमळ, डोकेदुखी होऊ शकते आणि काही जणींना रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. पाळीत मॅरेथॉन धावता येते, हजारो जणी धावतात. जे पॅड, टॅम्पॉन किंवा कप लाँग रनला वापरून बघितलंय तेच वापरा, एक जादा पट्ट्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि मार्गावरची शौचालयं कुठे आहेत ते नकाशात आधी बघून ठेवा. नवऱ्याने यात करायचं काम : तोही नकाशा बघून ठेवणे.

भोगी, संक्रांत आणि सासूबाई

मुंबई मॅरेथॉन बहुतेक वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिसरा रविवार म्हणजे तारीख १५ ते २१ मधली. मग १४ तारखेची संक्रांत शर्यतीच्या आधीच्या सात दिवसांत पडणार हे ठरलेलंच. २०२३ साली तर संक्रांत १५ जानेवारीला आली आणि मॅरेथॉनही त्याच दिवशी. परदेशी वेबसाइटवरून उतरवलेल्या कुठल्याच तक्त्यात ही अडचण सापडणार नाही.

भोगीची भाजी घ्या. पावटा, ओला हरभरा, वांगं, गाजर, घेवडा, तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. थंडीत याहून चांगलं जेवण नाही. पण तंतुमय पदार्थ आणि कडधान्यं यांनी पोटात वायू धरतो आणि सगळं बाहेर पडायला वेळ लागतो. भोगी सोमवार-मंगळवारी असेल तर पोटभर खा. गुरुवारी असेल तर बेताने. शुक्रवारी किंवा शनिवारी आली तर नैवेद्यापुरता घास घ्या आणि वरणभाताकडे वळा. गुळपोळीचं तसं नाही. गूळ आणि कणीक म्हणजे हवं तेच इंधन, फक्त तीळ-खसखस-तेल आणि वरचं तूप यांमुळे ती जड असते. दुपारी एक खाल्ली तर बिघडत नाही. चार खाऊन "कार्ब लोडिंग (शर्यतीआधी कर्बोदकं भरून घेणं) करतोय" म्हणणारे मला ठाऊक आहेत.

जेवणापेक्षा अवघड आहे हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून ते या आठवड्यात घालू नका. बाई दिवसभर उभी राहून वाण वाटते, भांडी लावते, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाकते-उठते, आणि रात्री तिच्या पोटऱ्या लाँग रन झाल्यासारख्या भरलेल्या असतात. शर्यतीच्या पुढच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा बायकांना मेडलही दाखवता येईल. दुसऱ्यांच्या घरी जायचं असेल तर जा, खुर्चीत बसा, निघा. सासूबाईंना हे कोणी सांगायचं? नवऱ्याने. "आई, ती दमेल" असं म्हणून नव्हे, तर "आई, आम्ही दोघं रविवारी धावतोय, पुढच्या शुक्रवारी ठेवू, खुर्च्या मी आणतो" असं.

गच्चीवर पतंग उडवणं बंद. मान वर करून उलटं चालणं आणि टाकीच्या पाइपाला पाय अडकणं, एवढंच पुरतं घोटा मुरगळायला.

आणखी एक मोठं काम बुधवारच्या आत व्हायला हवं : शनिवार रात्र ते रविवार दुपार मुलं कोणाकडे? आजी-आजोबा, मावशी, शेजारच्या काकू, कोणीही चालेल, पण नाव ठरलेलं हवं आणि त्या माणसाला आपण पहाटे किती वाजता निघणार हे माहीत हवं. जमलं तर मुलांना शनिवारी संध्याकाळीच तिकडे झोपायला पाठवा. पहाटे अडीचला दोघांच्या गडबडीने उठलेलं पाच वर्षांचं मूल परत झोपत नाही, "मीपण येणार" म्हणतं.

गुरुवार : बिब आणायला जा, आणि परत या

बिब, म्हणजे टीशर्टवर टाचायचा नंबरचा कागद, शर्यतीच्या आधीच्या दिवसांत एक्स्पोमध्ये (आयोजकांच्या प्रदर्शनात) मिळतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. पहिल्या दिवशी जा, बहुधा गुरुवारी. शनिवारी अख्खी मुंबई आणि बाहेरगावचे सगळे तिथे असतात. आयोजकांच्या मेलमध्ये लिहिलेलं ओळखपत्र आणि नोंदणीची पावती घ्या, दोघांचे कागद वेगवेगळ्या पिशवीत. एकाने दुसऱ्याचा बिब आणायचा विचार असेल तर चालतं का, कोणतं पत्र लागतं, हे त्याच मेलमध्ये आधी वाचा. बिब हातात आला की तिथल्या तिथे नाव, नंबर, प्रकार तपासा आणि बिबवरचा आपत्कालीन मजकूर घरी येऊन पेनाने भरा : रक्तगट, काही ॲलर्जी, फोन नंबर. इथे जोडपी एक गंमत करतात. आपत्कालीन नंबर म्हणून एकमेकांचे मोबाइल देतात, आणि दोघांचेही मोबाइल त्या वेळी पट्ट्यात बंद किंवा सामानाच्या काउंटरवर. नंबर घरी असलेल्या माणसाचा द्या.

एक्स्पोत नवे बूट, नवे मोजे, नवी जेल सवलतीत मिळतात. घ्या, पण रविवारसाठी नाही. तिथे मिळणारा कार्यक्रमाचा टीशर्टही पहिल्यांदा ४२ किलोमीटरसाठी घालायचा नसतो. दीड तासात बाहेर पडा.

परतीच्या लोकलमध्ये मार्गाचा नकाशा बघा. मार्ग मधूनमधून बदलतो, कोस्टल रोड झाल्यापासून तर यंदाचाच नकाशा पाहायला हवा. तीन गोष्टी शोधा. पाण्याची आणि ओआरएसची ठिकाणं किती-किती अंतरावर आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू कितव्या किलोमीटरला लागतो, कारण तिथे साडेपाच किलोमीटर वाऱ्यात आणि जवळजवळ विनाप्रेक्षक काढायचे असतात. आणि पेडर रोडचा चढ. वर्षानुवर्षं तो फुल धावणाऱ्यांना तिसावा किलोमीटर उलटल्यावर, ऊन चढायला लागल्यावर भेटत आलाय. यंदा कुठे आहे बघा आणि आजच ठरवा की तो चालत चढायचा. नवख्याने तिथे चालणं ही हार नाही, पुढचे किलोमीटर वाचवणं आहे.

शुक्रवार-शनिवार : भाताचे दिवस

कार्ब लोडिंग म्हणजे शुक्रवारी रात्री पिझ्झा नव्हे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठतं, दोन-अडीच तासांहून लांब धावताना तेच आधी संपतं, म्हणून शेवटचे दीड-दोन दिवस टाकी भरायची. खेळाच्या आहारशास्त्रात वजनाच्या किलोमागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं सांगतात. पहिल्यांदा धावणाऱ्याला आणि घरच्या जेवणात ते जमणं कठीण. ८ ग्रॅमपर्यंत पोचलात तरी छान. ६० किलो वजनाच्या बाईसाठी ते ४८० ग्रॅम होतात. घरच्या वाटी-ताटात :

सकाळी कांदा कमी घातलेले पोहे एक बशी (सुमारे ४०). दिवसभरात दोन केळी (५०). दुपार-रात्र मिळून पाच वाट्या भात (१५०) आणि सहा फुलके (९०). दोन मध्यम उकडलेले बटाटे, मीठ लावून (५०). फुलक्याला किंवा ब्रेडला गूळ, मध, जॅम (४०). दोन ग्लास लिंबू किंवा कोकम सरबत (५०). बेरीज ४७०. नवरा ७५ किलोचा असेल तर त्याला ६०० लागतील, म्हणजे साधारण दोन वाट्या भात, दोन फुलके आणि एक ग्लास सरबत जास्त. "आपण दोघं सारखंच खाऊ" हे प्रेमाचं आहे, गणिताचं नाही.

भाज्या कमी, सालीच्या डाळी-उसळी बंद, तळलेलं बंद, बाहेरचं बंद. वरणभात, दहीभात, मऊ खिचडी, साधी इडली. कंटाळा येतो, दोनच दिवस आहेत. वजन एक-दीड किलोने वाढेल, कारण साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं. काट्यावर चढूच नका.

पाणी तहान लागेल तसं, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. दर तासाला बाटली रिकामी करण्याचा आग्रह धरू नका. नुसतं पाणी प्रमाणाबाहेर प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शर्यतीतही हेच, आणि विशेषकरून सावकाश धावणाऱ्यांनी लक्ष द्यायचं, कारण त्यांना प्रत्येक टेबलापाशी थांबून प्यायला वेळ असतो. दोघांपैकी जो हळू, त्याला हे नीट सांगा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. "खबरदारी म्हणून एक" असं म्हणून पुढे करणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

रात्री पास्ता पार्टी वगैरे कोणी बोलावलं तर शुक्रवारी जा, शनिवारी नाही. झोपेचंही तसंच. शनिवारी रात्री झोप लागणार नाही हे गृहीत धरा, सगळ्यांचं तेच होतं आणि त्याने फारसं बिघडत नाही. शुक्रवारची झोप मोलाची. शुक्रवारी साडेनऊला दिवे बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

शनिवार संध्याकाळ : पलंगावर दोन माणसं मांडा

जेवण सातला. मग पलंगावर दोघांचं सामान शेजारी-शेजारी, अंगात घालायच्या क्रमाने मांडा. टीशर्ट, ब्रा, चड्डी, मोजे, बूट, टोपी, पट्टा, जेल, मिठाची गोळी घेत असाल तर ती, व्हॅसलिन, घड्याळ चार्जिंगला.

बिब आताच टाचा. घाईत पहाटे टाचताना पिन बोटात जाते, हे एक. दुसरं, टीशर्ट पलंगावर सपाट ठेवून टाचलेला बिब अंगात घातल्यावर ताणतो आणि पहिल्या किलोमीटरला एक कोपरा फाटतो. म्हणून टीशर्ट अंगात घाला, सरळ उभे राहा, आणि एकमेकांचा बिब एकमेकांनी टाचा. चारही कोपऱ्यांना पिना, कापडाचे दोन पदर पकडून, पिनेचं टोक बाहेरच्या बाजूला, पोटाकडे नाही. पट्ट्याची चेन आणि जेलचा खिसा बिबखाली झाकला जात नाही ना, बघा. एकदा दोन्ही हात वर करा, एकदा वाका. बिबला मागे वेळ मोजणारी चिप असेल तर ती दुमडू नका. एवढ्यासाठी दोन माणसं घरात असणं फार सोयीचं.

व्हॅसलिन काखेत, मांड्यांच्या आत, ब्राच्या पट्टीखाली, पायाच्या बोटांमध्ये. पुरुषांनी स्तनाग्रांवर टेप लावायची. हसू येतं, पण रक्ताचे दोन ओघळ टीशर्टवर घेऊन येणारे पुरुष दरवर्षी दिसतात.

मग पैसे, रेल्वेचे पास किंवा तिकिटं, घराची किल्ली. दोघांकडे एकेक किल्ली हवी, कारण ४२ मिनिटं आधी पोचणारा आधी घरी जाऊ शकतो. भेटायची जागा ठरवा आणि ती फोनवर अवलंबून ठेवू नका. शर्यत संपते त्या भागात हजारो लोक एकाच वेळी फोन लावत असतात. "फिनिशला भेटू" ही जागा नव्हे, तिथे थांबूच देत नाहीत. खूण हवी, अमुक दरवाजा, अमुक पुतळा, आझाद मैदानाच्या अमुक बाजूचं अमुक झाड. उशीर झाला तर किती वाट बघायची हेही.

रविवार : एक संडास, दोन धावपटू

फुलची सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास असते. रेल्वे मॅरेथॉनच्या दिवशी पहाटे जादा लोकल सोडते, त्यांच्या वेळा आठवड्यात जाहीर होतात. वेळापत्रकावरून मागे मोजत या. ठाण्याहून किंवा बोरिवलीहून निघायचं तर उठणं अडीचच्या आत-बाहेर.

मुंबईतल्या बहुतेक घरांत संडास एक. पोट साफ होणं हे आजच्या सकाळचं सर्वांत महत्त्वाचं काम आणि ते हुकमी होत नाही. म्हणून गजर वेगवेगळे लावा, वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने. ज्याला चहा-कॉफीनंतर वेळ लागतो तो आधी उठेल. दुसऱ्याने दारावर टकटक करायची नाही, "झालं का?" विचारायचं नाही. 

उठल्याबरोबर पाणी, मग सवयीचं खाणं : दोन ब्रेडला जॅम आणि केळं, किंवा इडली-साखर, किंवा साबुदाण्याची पातळ खीर. लाँग रनआधी जे खात आलात तेच. कॉफीची सवय असेल तर घ्या, नसेल तर आज सुरू करू नका. लोकलमध्ये बसायला मिळालं तर बसा, तयार दिसणाऱ्यांच्या गप्पा ऐकू नका.

जानेवारीतल्या मुंबईच्या पहाटे अंगावर काटा येतो, पण हवेत दमटपणा असतो आणि घाम लवकर फुटतो. सूर्य सव्वासातला उगवतो. पाच तास लागणाऱ्यांचे पहिले दोन तास अंधारात आणि शेवटचे दीड-दोन उन्हात. त्यामुळे पहिल्या दोन तासांतला थंडावा बघून पेस वाढवू नका, आणि टोपी हातात धरावी लागली तरी घरी ठेवू नका.

सुरुवातीच्या रांगा अपेक्षित वेळेनुसार लावलेल्या असतात. दोघांच्या रांगा वेगळ्या आल्या आणि बरोबर धावायचं असेल तर पुढच्याने मागच्या रांगेत यायचं असतं, मागच्याला पुढे सोडत नाहीत. आपापलं धावणार असाल तर निरोप इथेच घ्या, शौचालयाच्या रांगेत उभं राहायच्या आधी. नंतर गर्दीत शोधाशोध होते.

खाण्याचं घड्याळ लावा : पाऊण तासाला एक जेल, किंवा जे सराव केलंय ते, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबाने. भूक लागायची वाट बघू नका. रस्त्यात लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की, मीठ लावलेले बटाटे पुढे करतात. त्यांना हात जोडा, पण पंचवीस किलोमीटरपर्यंत तरी पोटाला न चाखलेलं काही देऊ नका. त्यानंतर मात्र खारा बटाटा खाऊन बघायला हरकत नाही.

जो आधी पोचेल त्याने लगेच बसकण मारू नये. दहा मिनिटं चालावं, काहीतरी खारट आणि काहीतरी गोड खावं, कोरडा टीशर्ट घालावा, आणि ठरलेल्या झाडाखाली उभं राहावं. मेडल घालून उभं राहा म्हणजे शोधायला सोपं.

सोमवारची रजा दोघांनीही शुक्रवारीच टाकून ठेवा, एकाने टाकली तर मुलांची शाळा त्याच्याच गळ्यात पडते. रविवार रात्रीचं जेवण बाहेरून मागवा. परतीच्या लोकलसाठी सबवेने जाणार असाल तर पायऱ्या उतरताना कठडा धरा आणि जमलं तर उलटं, पाठीकडून उतरा. मांड्यांना त्याने कमी झोंबतं. बघणारे हसतील, त्यांच्यातले निम्मे तसेच उतरत असतील.